पाहुण्यांना मारणारा सुरा

मित्रांनो, मी एक जुना, खोटा सुरा आहे. मला भिऊ नका, भिण्याचे काम मी एकटाच करतो. माझ्या पात्याला धार नाही, पण टोक लोखंडाचेच आहे. कुणावर टेकवून दाबले की पाते मुठीत सरकते आणि साखरेच्या पाकाचे रक्त ओघळते. स्प्रिंग पाते पुन्हा बाहेर ढकलते.

टीव्हीवरचे चित्र अजून काळेपांढरे होते, तेव्हा मी एका विनोदी खूनमालिकेत होतो. दर आठवड्याला कुणी नामवंत कलाकार पाहुणा म्हणून येई आणि पाच मिनिटांत मरे. मग विसरभोळा गुप्तहेर खुनी शोधता शोधता स्वतःचा चष्मा हरवून बसे. मरताना पाहुणे हौस भागवून घेत. एका गवयाने तर तान घेत प्राण सोडला!

सामान सांभाळणारे काका मला रोज गरम पाण्यात आतून धूत. ते निवृत्त झाले आणि त्यांचे जावई आले. ते मला बाहेरूनच घासत. "वा, काय लखलखतोय!" असे दिग्दर्शक म्हणाले, तेव्हा मीही फुशारलो. आत मात्र पाक वाळत होता. एके दिवशी पाते हलेना.

त्या दिवशी मरणार होते एक म्हातारे विनोदी नट, आणि मारणार होती एक नवी गायिका. दोघेही पाहुणे. नट खुर्चीत बसले. तिने मला उगारले आणि त्यांच्या छातीपासून बोटभर अंतरावर थांबवले. दुसऱ्यांदाही तेच.

"बाई, खून करताय की माशी हाकलताय?" दिग्दर्शक ओरडले.

"पण त्यांना लागलं तर?"

सगळे हसले. "मार गं पोरी," नट म्हणाले, "चाळीस वर्षं मरतोय मी!"

तिसऱ्यांदा तिने सगळा जोर लावला. मला किंचाळायचे होते, पण तोंड कुठे होते? ऐन वेळी तिचा हात वळला आणि मी नटांच्या खांद्याशेजारी खुर्चीच्या गादीत मुठीपर्यंत रुतलो.

दिग्दर्शकांनी कपाळावर हात मारला. नटांनी मला उपसून तळहातावर दाबून पाहिले. पाते जागचे हलले नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी जावयांकडे पाहिले, मग गरम पाणी मागवले आणि घसा शेकायच्या निमित्ताने कोपऱ्यात बसून मला पेल्यात बुडवले. हळूहळू पाक सुटला.

चौथ्यांदा सारे नीट झाले. नट असे काही मेले, की कॅमेरावाल्याने हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबला.

"एवढं भित्रं असून कसं चालेल?" दिग्दर्शक गायिकेला म्हणाले. तिने खाली मान घातली. नटांनी बोलायला तोंड उघडले, पण जावयांची नोकरी जाईल म्हणून मिटले. तिला पुन्हा कधीच बोलावले नाही. मला बोलता येत नव्हते. त्यांना येत होते.

आता मी एका पेटीत पडून आहे. मुठीवर कुणाचा हात पडला की अजून धडकी भरते. मित्रांनो, वस्तू पुसताना आतूनही बघत जा. आणि त्या गायिका कधी भेटल्याच, तर त्यांना एवढे सांगा, की तुमचा हात वळला म्हणून त्या दिवशी एक म्हातारा माणूस घरी जेवायला गेला.