पालकाचा नंबर

एक काळ असा होता, की मोठ्या बाईंना खुर्चीत बसलेलं शाळेत कुणी पाहिलं नव्हतं. आता त्यांना खुर्चीतून उठलेलं कुणी पाहत नव्हतं. खुर्ची जुनीच होती, पण समोर पडदा आला होता आणि त्या पडद्यावर रोज सकाळी बरोबर नऊला वरचं कार्यालय उगवायचं. नऊ म्हणजे मुलं फाटकातून आत येण्याची वेळ. बाहेर सगळा गलका, आणि आत मुख्याध्यापिका कानात इअरफोनची बोंडं घालून "हो साहेब, भरते साहेब" करत बसलेल्या. बसलेल्या आपल्या नावापुरत्या. टेबलाखाली त्यांचा पाय सारखा हलत असायचा. घरी जेवतानाही हलायचा. नवरा म्हणायचा, "अगं, जेवतेयस की शिवणयंत्र चालवतेयस?"

रकाने तरी किती भरायचे याला काही सुमार? संडासाच्या कड्या किती, वाचनाची मिनिटं किती, मुलांपैकी आनंदी किती. हे शेवटचं थट्टेनं सांगितलेलं नाही, खरोखरच तसा रकाना होता. बाई त्यात दर महिन्याला "सर्व" असं लिहायच्या.

वर्षाच्या सुरुवातीला पालकांचे फोन नंबर भरायचे होते. शेवटच्या तारखेला हेडक्लार्क घाम पुसत आले. मुलं त्यांना पाठीमागे 'रकाना' म्हणायची, कारण रिकामी चौकट दिसली की त्या माणसाचा जीव कासावीस व्हायचा.

"बाई, अकरा मुलांचे नंबर नाहीत. मशीन पुढे सरकत नाही."

"मग मुलांना विचारा ना, भाऊसाहेब."

"मुलं गेली घरी. साइट पाचला बंद."

पाच वाजायला सात मिनिटं कमी होती. "टाका माझा," बाई म्हणाल्या. "नंतर बदलू."

नंतर हा फार सोयीचा शब्द आहे. अकरा ठिकाणी बाईंचा नंबर पडला, शाळा शंभर टक्के झाली, वरून शाबासकी आली आणि ते 'नंतर' कुणाला आठवलंही नाही.

मग कधीतरी बाईंच्या फोनवर साडेदहाच्या सुमाराला मेसेज यायला लागले. 'आपला पाल्य आज अनुपस्थित आहे. कृपया कारण कळवावे.' खाली विद्यार्थ्याचा बारा आकडी क्रमांक, नाव नाही. बाईंना वाटलं, मुख्याध्यापकांना प्रत येत असेल. दिवसाला दीडशे मेसेज येणाऱ्या बाईनं प्रत्येक मेसेज कशाला वाचत बसावं? त्या अंगठ्यानं पुसून टाकायच्या. पुसला की काहीतरी काम संपवल्यासारखं वाटायचं, आणि तेवढंच बरं वाटायचं.

असं चालू असताना एका सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये वरच्या साहेबांनी त्यांच्या शाळेचं नाव घेतलं. "तुमच्याकडे सातवीतली एक मुलगी एकोणतीस दिवस गैरहजर आहे. पालकांना एकोणतीस वेळा कळवलंय, उत्तर नाही. तीस दिवस झाले की नाव आपोआप कमी होतं. म्हणजे उद्या."

"काय करणार साहेब," बाई म्हणाल्या, "पालकच बेजबाबदार. मेसेज बघायचीही तसदी घेत नाहीत."

ती मुलगी म्हणजे भिंगरी. एका जागी टिकायची नाही म्हणून तिला हे नाव खुद्द बाईंनीच ठेवलं होतं. एकोणतीस दिवस भिंगरी शाळेत नाही आणि आपल्याला पत्ता नाही, हे बाईंना चांगलंच लागलं. वर्गशिक्षिकेला बोलावलं, तर ती सरळ म्हणाली, "मी रोज गैरहजेरी टाकत होते, बाई. घरी मेसेज जातो ना? मला वाटलं, पुढचं ऑफिस बघेल."

"भाऊसाहेब, नंबर सांगा त्यांचा. आत्ताच्या आत्ता झाडते त्यांना."

हेडक्लार्क पडद्यावरचे आकडे वाचत गेले आणि बाई रागारागानं टेबलावरच्या फोनची बटणं दाबत गेल्या. तिकडे घंटी वाजली. तेवढ्यात त्यांच्या पर्समधला मोबाइलही वाजायला लागला.

"एक मिनिट हं, माझा कुणाचातरी फोन येतोय," असं म्हणत त्यांनी मोबाइल काढला. त्यावर शाळेचाच नंबर होता. एका कानाला एक फोन, हातात दुसरा वाजतोय, अशा त्या थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्यांनी सातवीला अनेक वर्षं शिकवली होती.

हेडक्लार्कांना आधी कळलं. खाली बघत ते हळूच म्हणाले, "बाई, तसं बघितलं तर सोपं आहे. कागदोपत्री पालक तुम्हीच. मेसेजला उत्तर द्यायचं, 'आजारी'. पंधरा दिवस वाढवून मिळतील. नाव राहील."

बाईंनी पुसायचा राहिलेला मेसेज उघडला. उत्तराच्या चौकटीत 'आजारी' असं तयारच लिहिलेलं होतं. अंगठा त्यावर गेलाही. मग त्यांनी पर्स उचलली आणि रजिस्टरमधला पत्ता लिहून घेऊन त्या भर कामाच्या वेळेत शाळेबाहेर पडल्या. आपल्याला झालंय तरी काय, असं त्यांना वाटत होतं. पाय मात्र भराभर पडत होते.

पत्ता होता लाँड्रीमागच्या गल्लीतला, जिन्याखालची खोली. दारावर टकटक केली, तर भिंगरीची आई बाहेर आली. कडेवर दीड वर्षाचं मूल, उजव्या मनगटावर भाजल्याचा गुळगुळीत डाग. बाईंना बघून ती आधी दचकली, मग तिचा चेहरा कोरडा झाला.

"आता कशाला आलात, बाई?"

"मुलगी शाळेत का येत नाही?"

"वाफेच्या इस्त्रीनं हात भाजला माझा. हा धाकटा उचलवत नव्हता, म्हणून तिला घरी ठेवलं."

"अजून बरा नाही झाला?"

"हात तर पंधरा दिवसांतच बरा झाला."

"मग नंतर का नाही पाठवलंत?"

"नाव काढलंत ना तुम्ही." आई हे अगदी सहज बोलली. "थोरला तीनच दिवस आला नव्हता, तर तुम्ही ह्याच दारात उभ्या होतात. केवढं बोललात मला! ह्या वेळी वाट बघितली. ती तर रोज केस विंचरून बसायची, बाई येतील म्हणून. मी दोनदा शाळेत येऊन गेले. शिपाई म्हणाला, बाई मीटिंगमध्ये आहेत. वर्गातल्या मुली म्हणाल्या, हजेरीला हिचं नाव घेतच नाहीत. मग समजायचं ते समजलो."

हजेरी आता कुणाचंच नाव घेऊन होत नव्हती. वर्गशिक्षिका पडद्यावर गुपचूप खुणा करायची. हे त्या आईला कोण सांगणार?

"फोन तरी करायचात," बाई कशाबशा म्हणाल्या.

"फोन आहे की माझ्याकडे. तीन वर्षं झाली. नंबर कधी विचारलात?"

तेवढ्यात भिंगरी दूध घेऊन आली. बाईंना बघून उंबऱ्याबाहेरच थांबली. एकोणतीस दिवसांत ती उंच झाली होती, की बाईंनीच तिला बरेच दिवस नीट पाहिलं नव्हतं, कोण जाणे.

बाईंनी सगळं सांगून टाकलं. अकरा नंबर, पाच वाजायला सात मिनिटं, रोजचा मेसेज, अंगठा. काही झाकलं नाही. सांगताना लाज वाटत होती आणि थांबवतही नव्हतं.

"म्हणजे मी नाही आले, हे तुम्हाला रोज कळत होतं?" भिंगरीनं विचारलं.

"मेसेज येत होता. मी वाचत नव्हते."

पोरीनं दूध उंबऱ्यावर ठेवलं. मग म्हणाली, "मी उद्या येते. पण तुम्ही वर्गात सांगाल? सगळ्यांना वाटतंय, मला काढून टाकलं."

बाई होय म्हणाल्या. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. हजारो मुलांना त्यांनी वर्गापुढे उभं केलं होतं. उभं राहणाऱ्याला काय वाटतं, ते आज कळत होतं.

दुसऱ्या दिवशी नऊला ऑफिसातल्या पडद्यावर साहेब मुख्याध्यापिकेच्या नावानं हाका मारत होते. मुख्याध्यापिका सातवीच्या वर्गात फळ्यासमोर उभ्या होत्या. भिंगरी दुसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. बाईंनी काल सांगितलं तसंच सगळं सांगितलं. हिनं काही केलं नव्हतं, चूक माझी होती, हे दोनदा सांगितलं.

मग खिडकीजवळून एक हात वर आला.

"बाई, माझ्या घरी पण कधीच मेसेज येत नाही. माझे पालक पण तुम्हीच आहात का?"

तो हात खाली यायच्या आत दुसरा वर गेला, आणि मागच्या बाकावरून तिसरा.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी खडू घेतला. "एकेकानं उभं राहा. आधी नाव सांगा."