शेवटच्या अक्षराची टिंबे

मित्रांनो, मला चाचपून पाहाल तर हाताला काहीच लागणार नाही. मी लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीवर चालणारा एक जुना प्रोग्रॅम आहे, अक्षरे आणि चित्रे काढायचा. कोणा एकाने मला घडवले नाही. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या कितीतरी माणसांनी आपापल्या घरी बसून, हौसेने, फुकट मला वाढवले. गाव करील ते राव काय करील!

माझी उमेदीची वर्षे एका पेंटरच्या घरी गेली. ते दुकानांच्या पाट्या रंगवत, पण अक्षरे आधी माझ्यात काढून घेत. खिडकीजवळचे टेबल, मोठी स्क्रीन आणि रंगाचे डाग पडलेला माउस, असा आमचा संसार होता. ते आधी अक्षराच्या कडेकडेने टिंबे ठेवत, मग राइट क्लिक करत. त्याबरोबर एक मेनू उघडे. त्यातूनच टिंबे जोडायची, वळण मऊ करायचे. माझ्याकडे बाकी शंभर हत्यारे होती, पण त्यांना ते ढुंकूनही पाहत नसत. "हा माझा उजवा हात," असे ते आल्यागेल्याला सांगत आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. अंगच नव्हते, ही गोष्ट वेगळी.

पुढे ते आजारी पडले. टेबलाशी बसणे संपले आणि हात थरथरू लागला. त्याच सुमारास त्यांच्या धाकट्या भावाने सायकलदुरुस्तीचे दुकान काढायचे ठरवले.

"दादा, पाटी तुझ्याच हातची हवी," तो खाटेपाशी बसून म्हणाला. "तू नुसती अक्षरं काढून दे, रंग मी भरतो."

पेंटर त्या दिवशी पोटभर जेवले.

त्यांची मुलगी प्रोग्रॅमर. तिच्याकडे लिनक्सवर चालणारा फोन होता. "बाबा, टेबल काही तुमच्यापाशी येणार नाही. पण याला आणते मी फोनवर," ती म्हणाली.

फोनवर पहिल्यांदा उघडलो तेव्हा माझा निम्मा देह स्क्रीनबाहेर होता. बटणे इतकी बारीक, की तिचा अंगठा एकावर टेके आणि भलतेच दाबले जाई. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. तिने माझे पाय चांगलेच आखडून घेतले. हत्यारे घडी घालून कप्प्यांत ठेवली, बटणे मोठी केली. फोनला माउस नाही, म्हणून राइट क्लिकऐवजी बोट क्षणभर स्थिर दाबून धरायचे, की तोच मेनू उघडेल, अशी सोय केली. एकेक गोष्ट तिने स्वतःच्या अंगठ्याने तपासली. मग तिने मला इंटरनेटवर ठेवले; जगभरच्या लोकांनी मला आपापल्या फोनवर उतरवून घेतले, तिला शाबासकी कळवली. दिव्याखाली मात्र अंधार होता.

थरथरते बोट स्थिर राहीना. ते जरा हलले की मला वाटे, चित्र सरकवायचे आहे. मी इमानेइतबारे चित्र सरकवत असे. कधी हात शांत असला तर मेनू उघडे आणि एखादे अक्षर पुरे होई. बाकी वेळ ते दाबत आणि मी चित्र सरकवत असे. तोंड असते तर ओरडलो असतो, पण मला जे शिकवले तेवढेच मी करणार.

"बाबा, जमतंय ना?" कामावर निघताना मुलगी दारातून विचारी.

"झकास!" ते म्हणत.

दुकान उघडायची वेळ आली तेव्हा शेवटचे एकच अक्षर उरले होते; त्याची टिंबे ठेवून झाली होती, जोडायची राहिली होती. भाऊ आला.

"छापील पाटी घे रे," पेंटर म्हणाले. "माझ्यात आता ते राहिलं नाही."

दुकानावर छापील पाटी लागली.

नंतर एकदा मुलगी त्यांच्या शेजारी निवांत बसली होती. ते उगाच शेवटच्या अक्षरावर बोट दाबत होते, आणि चित्र सरकत होते. ती बघतच राहिली.

"बाबा, हे असं होतंय... बोलला का नाहीत?"

"अगं, तू एवढं जिवापाड केलंस. माझाच हात बिघडलाय, तुझ्या कामात कसली खोट?"

दुसऱ्याच दिवशी तिने मेनूसाठी स्क्रीनवर एक मोठे बटण दिले. बोट नुसते टेकले की मेनू उघडणारे. काम ते कितीसे! पेंटरनी एकदा टेकून पाहिले. मेनू उघडला.

"सोपं केलंस," ते म्हणाले आणि फोन उशीशी पालथा ठेवला. पुन्हा त्यांनी मला उघडले नाही.

मित्रांनो, मला ऊन लागत नाही, गंज चढत नाही, तेव्हा माझी काळजी घ्या असे मी कशाला सांगू? पण कोणासाठी काही बनवाल, तर ते त्याच्या हातात द्या आणि जरा वेळ शेजारी बसून त्याचा हात बघा. दारातून विचारू नका. माया करणारी माणसे दाराकडे पाहून नेहमी 'झकास'च म्हणतात.

त्या पाटीची फाइल अजून माझ्यात आहे. शेवटच्या अक्षराची टिंबे जागच्या जागी आहेत, जोडायला एक टिचकी पुरे. मुलगी कधीमधी ती उघडते, बोट बटणापर्यंत नेते आणि मागे घेते.