चहाच्या रंगाचं पाणी

कातळवाडीच्या बायकांनी लाँड्री बंद पाडायची असं काही ठरवलं नव्हतं. उलट ती सुरू झाली तेव्हा नारळ फोडायला त्याच सगळ्यांत पुढे होत्या. पण अब्रूचा प्रश्न आला की बिचाऱ्या मशीनचं काय चालणार? आणि हा प्रश्न उभा केला तो दस्तुरखुद्द अध्यक्षीणबाईंनी, म्हणजे गंगाकाकीने.

लाँड्री महिला मंडळाची. रत्नागिरीतल्या एका संस्थेने दोन मोठी वॉशिंग मशीन आणि कपडे वाळवायचं एक यंत्र दिलं होतं. वेळणेश्वरला उतरणाऱ्या पर्यटकांच्या चादरी पूर्ण दराने धुवायच्या आणि त्या कमाईवर गावातल्या घरांचे कपडे वीस रुपये बादलीने, असा हिशेब. बौद्धवाडीतल्या दीक्षाने चिपळूणला जाऊन मशीनचं शिक्षण घेतलं होतं, ती सगळं चालवायची. संस्थेची अट एकच होती. वर्षभरात गावातल्या बायकांचे कष्ट कमी झालेले दिसले पाहिजेत, नाहीतर मशीन दुसऱ्या गावाला.

घोटाळा प्लंबरने केला. मशीनचं घाण पाणी बाहेर सोडणारा पाइप त्याने मागच्या माडांत न नेता पुढच्या उघड्या गटारात काढला, आणि नेमक्या त्याच गटारासमोर बायकांना बसायला बाकडं टाकलं. त्यामुळे कोणाच्या कपड्यांचा किती मळ निघाला ते सगळ्या वाडीला बसल्या जागी कळायला लागलं.

पहिल्याच आठवड्यात बाबूच्या आईची बादली मशीनमध्ये गेली आणि गटारात तांबूस काळं पाणी आलं. गंगाकाकी बाकड्यावर होती. काकीची जीभ जागेवर राहिली असती तर ही गोष्टच घडली नसती.

"अगो बाय, ह्ये पानी हाय का चहा? साखर तेवडी टाका कोनीतरी!"

बाकडं खदखदून हसलं. बाबूची आईही हसली. पण पुढच्या खेपेला तिने कपडे घरी धुऊन आणले आणि मग मशीनमध्ये टाकले. गटारात पाणी आलं ते नितळ. तिने सगळ्यांकडे एकदा मान वळवून पाहिलं. झालं! आठ दिवसांत सगळी वाडी कपडे धुऊन धुवायला आणू लागली.

दीक्षाने कपाळावर हात मारला. तिने पाटी लावली, 'फक्त कोरडे कपडे घेतले जातील.' बायकांनी मग आदल्या दिवशी धुऊन, चुलीवर वाळवून आणायला सुरुवात केली. शर्टांना धुराचा वास येई, पण मळ म्हणून औषधाला सापडायचा नाही.

"काकी, तुम्ही सांगा ना त्यांना," दीक्षा म्हणाली.

काकीने सभा घेतली. बायकांनो, मशीन कशासाठी आणलंय, कंबर मोडून घेऊ नका, लाजायचं कसलं त्यात, असं अर्धा तास भाषण ठोकलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत स्वच्छ बादली आली ती काकीच्या घरची.

आता काकीच्या घरची गंमत अशी, की ती बादली काकी धुतच नव्हती. गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला. गुहागरच्या डॉक्टरने सांगितलं, पिळणं बंद, आपटणं बंद. तेव्हापासून कपडे धुवायचे ते काशीरामकाकांनी. काका चौतीस वर्षं मुंबईत गावकऱ्यांच्या खोलीवर राहिलेले, स्वतःचे कपडे स्वतः धुतलेले, त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. काकीला वाटायचं. नवऱ्याला दगडावर बसवून बायको नुसती बघते, हे गावात कळलं तर? म्हणून उजाडता उजाडता काका मागच्या दारी धुवायला बसत आणि काकी पुढच्या पायरीवर पहाऱ्याला. कोणी येताना दिसलं की ती खोकायची. काका लगेच हात पुसून उभे राहत आणि माडाकडे बघत. ह्या वर्षभरात काकांएवढे माड कोणी निरखले नसतील.

लाँड्री आली तेव्हा काकांना वाटलं, सुटलो. पण कुठलं काय!

"अध्यक्षाच्या घरचं पानी काळं आलं तर त्वांड कुठं दाकवू?" काकी म्हणाली.

"मंग मशीन काय करते गो?"

"मशीन धुते."

"आनि मी काय करतंय?"

"तुमी मळ काढताव."

काकांनी बादली पुढे ओढली. सत्तरी गाठलेला माणूस, सोड्याने बोटांना भेगा पडलेल्या. रात्री जेवताना मीठ लागलं की तो हात हळूच झटकायचा. काकीला ते दिसायचं आणि ती डाळ वाढण्याच्या निमित्ताने दुसरीकडे बघायची. मनातून तिला स्वतःचा रागही यायचा, पण तो राग बाकड्यापर्यंत पोचला की विरघळून जायचा.

लावणीच्या ऐन दिवसांत संस्थेच्या दीपालीमॅडम पाहणीला आल्या. मॅडम येणार म्हणून बायकांनी कपडे दोनदा धुतले होते. गावाची शोभा नको? दीपाली बाकड्यावर बसली. एक बादली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. ती मशीनकडे बघतच नव्हती. गटाराकडे बघत होती.

"काकू," ती शेवटी म्हणाली, "हे पाणी मी पिऊसुद्धा शकेन."

बायकांच्या माना अभिमानाने ताठ झाल्या.

"म्हणजे कपडे तुम्ही घरी धुताच आहात. मग कष्ट कुठे कमी झाले? पर्यटकांच्या चादरींसाठी आम्ही मशीन दिली नव्हती. अंजनवेलच्या बाजूच्या एका गावातून सारखी मागणी येतेय. तिथे बहुतेक कपडे मळत असावेत."

माना खाली आल्या. दीक्षाने रजिस्टर मिटलं. प्रत्येकीच्या मागच्या दारी लावणीच्या चिखलाने माखलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता, आणि प्रत्येकीला तो आठवत होता. पण पहिली कोण होणार?

गंगाकाकी गटाराकडे बघत होती. चहा कोणी म्हटलं होतं, साखर कोणी मागितली होती, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक! मशीन गेलं तर काय होणार तेही तिला दिसलं. आपला खांदा काही परत यायचा नाही. म्हणजे काका त्या दगडावरच म्हातारे होणार, आणि आपण पायरीवर खोकत बसणार. ती उठली.

"म्याडम, च्या घ्या तवर. मी आलंच."

मागच्या दारी काकांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला होता. सकाळी शेतावरून यायला उशीर झाला म्हणून ते आता बसले होते. समोर काकीचं लावणीचं लुगडं, कमरेपासून खाली नुसता लाल चिखल. काकांनी त्यावर पहिला तांब्या ओतायला उचलला.

"ठेवा तो," काकी म्हणाली.

"का गो? कोन आला काय?" काका घाईने उभे राहिले आणि माडाकडे बघू लागले.

"कोन नाय आला. माड बघू नका. भरा ह्ये बादलीत, तसाच नेऊया."

"असा घान?"

"घानच."

काकांनी तिच्याकडे नीट बघितलं, ताप वगैरे आहे की काय म्हणून. मग सगळा ढीग बादलीत कोंबला. ओल्या चिखलाची बादली काही हलकी नसते. कडीची एक बाजू काकांनी धरली, दुसरी काकीने डाव्या हाताने, आणि भर दुपारी वाडीच्या मधल्या वाटेने दोघं निघाली. पाठीमागे लाल थेंबांची रांग.

बाकडं उभं राहिलं.

"दीक्षा, घाल," काकी म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, एका दमात सांगून टाकलं, "माजा खांदा गेलाय वरीस झाला. आमच्या घरात कपडे ह्ये धुतात. रोज. आनि त्यांच्या बोटांना भेगा पडल्यात. कोनाला हसायचा आसल तर आताच हसून घ्या."

कोणी हसलं नाही. काका मात्र जिथे उभे होते तिथे माड शोधू लागले. तिथे माड नव्हता, नुसता विजेचा खांब होता, म्हणून त्यांनी खांबाकडे बघितलं.

मशीन घुमलं आणि पाइपातून पाणी आलं. लालभडक, दाट, अर्धं शेत वाहत आल्यासारखं. गटार काठोकाठ भरलं. बाबूची आई पुढे झाली, वाकून बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"काकी, साखर किती टाकू?"

मग जो हशा पिकला तो चादरी न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यालाही थांबवून गेला. हसता हसताच बायका घराकडे पळाल्या. तासाभरात दीक्षासमोर चिखलाच्या सतरा बादल्या रांगेत उभ्या होत्या आणि ती ओरडत होती, "एकेकीने या! एकेकीने!" दीपालीने आपल्या वहीत काहीतरी लिहिलं, ती पिशवीत टाकली, आणि स्वतःच्या चपलांचा लाल चिखल गटारात धुऊन घेतला. "पुढच्या वर्षी येते," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काकांना सवयीने जाग आली. ते मागच्या दारी गेले, दगडावर बसले. धुवायला काही नव्हतं. काकी चहा घेऊन बाहेर आली.

"आता मी काय करू?" काकांनी विचारलं, आणि ते विचारताना त्यांचा आवाज जरा केविलवाणा झाला.

काकीने त्यांच्या हातात चहाचा पेला दिला. खोबरेल तेलाची बाटली दगडावर ठेवली. आधी त्यांची बोटं आपल्या डाव्या हातात घेऊन एकेका भेगेला तेल लावलं. मग त्यांच्याकडे पाठ करून मागच्या पायरीवर बसली आणि पदर खांद्यावरून सरकवला.

"चोळा," ती म्हणाली. "वरीसभर रातचा दुकतोय. सांगितला नव्हता."

तेवढ्यात घराला वळसा घालून बाबूची आई येताना दिसली. काका झटकन उठायला लागले.

"बसा," काकी म्हणाली, आणि खोकली नाही.