ओरडू नका, मी माईक आहे

मी एक जुना माईक आहे मित्रांनो, आणि माझा सहसा कोणावर विश्वास बसत नाही. माझी जाळी चेपलेली आहे. ती कशी चेपली ते ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा चकचकीत होतो. भंडाऱ्याच्या दुकानातून मला रूपाबाईने घेतलं. रूपाबाई म्हणजे करडी गावची भांडेवाली. मालाचा ऑटो घेऊन आठवडी बाजार करते. "या बाई, गंज घ्या, गुंड घ्या!" अशी हाक गेली की पातेली-कळश्या घ्यायला बाया लांबून वळायच्या. लोक म्हणायचे, माईक भारी आहे. मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर तिचा आवाज फाटला. दीर तेजराम म्हणाला, "वहिनी, हा माईकच बेकार झाला." आणि मला फळीवर तीनदा आपटलं. जाळी तेव्हाच चेपली. अरे, तिच्या घशातून येतं तेच मी बाहेर सोडतो!

मग मोटारसायकलवर बॅग घेऊन फिरणारा एक 'डॉक्टर' तेजरामने आणला. दर बाजाराला दंडात सुई. दोन तास आवाज सुटायचा, ती आणखी ओरडायची, पुढच्या बाजाराला आवाज आणखी खाली. मला पहिल्याच दिवशी शंका आली. त्याने तिला एकदाही तोंड उघडायला सांगितलं नाही. मग घशातलं त्याला कळलं कसं?

शेवटी घशातून नुसती हवा निघू लागली. मुलगी शालू तिला नागपूरच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी पिशवीत होतो, दुरुस्तीला. तिथल्या डॉक्टरबाईने घशात दुर्बीण घातली आणि पडद्यावर दाखवलं. आवाजाच्या पट्टीवर गाठ होती. कॅन्सरची नव्हती.

"घसा बधिर करून गाठीतच औषधाची सुई देऊ. आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही. नंतर ओरडलात तर गाठ परत येईल."

फोनवर तेजराम किंचाळला, "गळ्यात सुई? वाचा जाईन वहिनीची!"

मलाही शंका होतीच. रूपाबाईने कसंबसं विचारलं, "आवाज वापस येईन का?"

"बऱ्याच जणांचा सुधारतो. वचन देत नाही."

त्या 'वचन देत नाही'वर माझा आयुष्यात पहिल्यांदा विश्वास बसला. दुरुस्तीवाल्यानेही मला उघडून पाहिलं. म्हणाला, "याले त काहीच नाही झालं."

सुईनंतर तिसऱ्या दिवशी वरठीचा बाजार. तेजरामने मला पुढे केलं. "दोनच हाका मारून दे न, वहिनी. गिऱ्हाईक चाललं!" रूपाबाईने मला घेतलं आणि त्याच्याच तोंडाला लावलं. तासाभरात त्याचा घसा बसला. शालू म्हणाली, "काका, बोलावू का तुमच्या सुईवाल्याले?"

नवव्या दिवशी तिने मला ओठांजवळ धरलं. मी घाबरलो. पण ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "या बाई, गंज पहा." पुढचं काम मी आणि ऑटोवरच्या भोंग्याने केलं. आवाज थोडा जाड होता, पण तिचाच. बाया वळल्या.

मित्रांनो, माणसाला ओरडावं लागू नये म्हणूनच मला बनवलं आहे. इतक्या वर्षांत हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. म्हणून माझ्यासमोर हळू बोला. आवाज बसला तर मला आपटू नका. आणि कोणी सुई भरत जवळ आला, तर दंड पुढे करण्याआधी तोंडावर विचारा, "घसा पाहिला का?"