सुमंगलाची माती पणजीला जाते

मित्रांनो, मी एक जुनी खाकी पिशवी आहे. पण लगेच तोंड वाकडे करू नका. मूळची मी सरकारी बसच्या कंडक्टरच्या पँटीचा उजवा पाय. कंडक्टर म्हणजे पेडण्याजवळच्या एका वाड्यावरचे बाबली. पेडणे ते पणजी हा रस्ता मी उभ्याने पाठ केला आहे. पँट गुडघ्यात विरली तेव्हा त्यांच्या बायकोने, सुमंगलाने, डाव्या पायाचे लादी पुसायचे फडके केले आणि मला मात्र तळाशी शिवून, तोंडाला नाडी ओवून पिशवी केले. डाव्याचे मला वाईट वाटते, पण फार नाही.

मी कुळीथ पोटात घेऊन जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, खिळ्याला लटकत असे. घरातले सगळे कानावर येई. गोवा राज्य होऊन वर्ष झाले होते, तेव्हाची गोष्ट. बाबलींचे थोरले भाऊ शिवदास एकदा येऊन बसले. सामाईक जमिनीतल्या वरच्या तुकड्यात सुमंगला मिरची लावत असे, आणि ती नीट होत नसे.

"त्या तुकड्यात दम नाय," शिवदास म्हणाले. "यंदा मिरची जाली नाय, तर थंय मी काजी लावतलंय."

घरात त्यांचा शब्द चाले. सुमंगलाने त्या तुकड्यातले दगड स्वतःच्या हातांनी वेचले होते. तो काजूखाली जाणार म्हटल्यावर तिच्या घशाखाली जेवण उतरेना.

तेवढ्यात शेतकी खात्याचा अशोक वाड्यावर आला. त्याने सांगितले, पणजीच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या. तिच्यात स्फुरद किती आहे ते कळेल. स्फुरदाने मूळ धरते, फूल येते. कमी असेल तर खत घालू, पुरेसे असेल तर उगाच ओतायचे नाही.

कुळीथ डब्यात गेले आणि मी शेतात गेले. सुमंगलाने माती उकरली. लाल, खड्याखड्यांची. तिने ती हातात धरून पाहिली, शरमल्यासारखी झाली आणि टाकून दिली. मग गोठ्यामागे गेली. तिथे वर्षानुवर्षे शेण, राख पडून, कोंबड्या उकरून माती काळी, मऊ झाली होती. ती तिने चाळणीने चाळली आणि माझ्यात भरली. मलाही आवडली. इतक्या मऊ गादीवर मी आयुष्यात बसले नव्हते.

पणजीहून निकाल घेऊन अशोक आला, मलाही परत घेऊन आला.

"वहिनी, स्फुरद भरपूर आसा. यंदा मूठभरसुद्धा घालू नकात."

सुमंगलाने ही बातमी वाडाभर केली. आणून ठेवलेली सुपर फॉस्फेटची, म्हणजे स्फुरदाच्या खताची, गोण कोपऱ्यात तशीच राहिली. मिरचीची रोपे मात्र रुसून बसली. खुजी, काळपट, एकालाही फूल नाही. शिवदास रोज हात मागे बांधून बांधावर येत आणि काजूच्या रोपांची चौकशी झाल्याचे सांगून जात.

अशोक पाहायला आला आणि चक्रावला. पुन्हा माती नेऊ म्हणून त्याने मला झटकून उलटी केली. माझ्या शिवणीतून कोंबडीचे बारीक पीस आणि सुक्या शेणाचा कण पडला.

"वहिनी, मिरचीच्या शेतात कोंबडी कशी?"

सुमंगलाने पदर तोंडाला लावला. "पोर शाळेत धाडताना तोंड धुवन धाडतंव, न्हय? मग माती पणजीक जाता, ती तशीच कशी धाडू? आता आपला राज्य जालां. सरकार काय म्हणात?"

अशोक हसला नाही. निदान चहा संपेपर्यंत तरी.

"तुमी वैद्याक शेजारणीची नाडी दाखयलात," तो म्हणाला. "औषध तुमका कसा लागू पडतला?"

या वेळी शेतातल्या पाच जागांची खरी माती माझ्यात आली. खडे टोचले, पण मी सोसले. निकाल आला की स्फुरद जवळजवळ नाही, शिवाय असली लाल माती घातलेले स्फुरदही धरून बसते, मुळांना देत नाही. सुमंगला गोण उचलून ओतायलाच निघाली. अशोकने तिला अडवले. जास्त घातलेले पावसात वाहून ओहोळात जाईल, म्हणाला. मग तिने शेणखतात मोजके खत कालवून रोपांच्या मुळाशी घातले, गेलेल्या जागी नवी रोपे लावली.

मिरची उशिरा आली, पण आली. अंगण लाल झाले. शिवदासांनी माशांच्या हुमणासाठी ओंजळभर मिरच्या उचलल्या आणि काजूबद्दल अक्षर काढले नाही. सुमंगलाचा जीव टांगणीला लागला.

मग एक दिवस ते म्हणाले, "ती पिशवी दी. माझी पण माती तपासून घेतंय."

"भावोजी, शेतातलीच भरा हां."

"माका शिकयतस?"

मित्रांनो, माती तपासायला द्याल तेव्हा आपल्याच शेतातली द्या, आहे तशी द्या. मातीला लाज नसते, आपल्यालाच असते, आणि तिच्यापायी पीक उपाशी राहते.

दुपारी वाडा झोपला होता. शिवदास मला घेऊन आपल्या शेताशी थांबले. वाकून आपली माती पाहिली. मग इकडेतिकडे बघत बांध ओलांडून ते, ज्यात दम नाही म्हणाले होते, त्याच वरच्या तुकड्यात शिरले आणि तिथली माती नाडीपर्यंत भरू लागले. जनेलातून सुमंगला पाहत होती. तिने हाक मारली नाही. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवायला बसली.