‘घेईन’च्या खाली

हरभऱ्याच्या डाळीएवढा तो गोल फोटो… मिशा, खाकी टोपी, मागे निळं काहीतरी, बहुतेक कारखान्याच्या गेटाची पाटी… रेश्मानं अंगठ्यानं दाबून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला, आणि तरी तो होता तिथंच राहिला. ‘घेईन’ या ओळीच्या खाली, नणंदेचा जावई आणि विट्याचा कुणी आतेभाऊ यांच्या मधोमध, लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा. तोवर दूध उतू गेलं. तिनं गॅस बंद केला, फडकं घेतलं, ओटा पुसला, आणि पुसतापुसता एका हातानं फोन पुन्हा उघडला. प्रशांत. तिचा नवरा. दुसरा कुणी प्रशांत घरच्या ग्रुपवर नव्हता.

पोल टाकला होता शिवांजलीनं, थोरल्या दिरांच्या मुलीनं. पोरगी पुण्यात शिकते, तिला काय, सगळंच गमतीचं वाटतं. ‘शनिवारचा एपिसोड पाहिलात ना? तुम्ही असता तर पेटी घेतली असती? घेईन. घेणार नाही.’ रेश्मानं काल सकाळीच ‘घेणार नाही’वर बोट ठेवलं होतं आणि विषय संपला असं समजून ती पोळ्या लाटायला गेली होती. कोणी कुठं बोट ठेवलं ते तिथंच दाबलं की नावानिशी दिसतं हे तिला आज सकाळी सहज कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं… की नसतं?

शनिवारी टीव्हीवरच्या त्या भविष्यकाळाच्या मालिकेत जो भाग लागला तो असा: शंभरेक वर्षांनंतरचं शहर, आभाळातून धावणाऱ्या गाड्या, आणि एवढ्या थाटामाटात एक नवरा-बायको, ज्यांची मुलगी गेलेली. एक कंपनी त्यांना पेटी आणून देते, तांदळाच्या डब्याएवढी. झोपताना उशाशी ठेवायची. माणूस काही विसरत नाही, सगळं लख्ख आठवतं, फक्त दुखत नाही. बायको घेते, नवरा घेत नाही. मग जेवताना ती मुलीच्या गमती सांगून हसते आणि तो घास हातात धरून बसतो. पुढं काय झालं ते दाखवलंच नाही, आणि तेवढ्यावरून कोरेगावपासून सांगलीपर्यंत सगळ्या नात्यागोत्यात दोन तट पडले. दीर नानासोंनी लिहिलं, ‘असली खुळं बघून पोरं बिघडतात.’ शिवांजलीनं लिहिलं, ती बाई स्वार्थी आहे. सासूबाईंनी, चंद्राबाईंनी, कोरेगावहून आवाज पाठवला, मागे कोंबड्या ओरडत होत्या: “आगं, बाळंतपणाच्या कळा बाई इसरती म्हणून तर दुसऱ्यांदा उभी ऱ्हाती. मी घीन. एक न्हाई, दोन घीन.”

सासूबाईंचं तिला काही वाटलं नाही. त्या उघड बोलल्या, त्यांचा स्वभावच तसा, मनात एक आणि ओठावर एक असं त्यांना जमलंच नसतं. पण हा… शनिवारी हा तिच्याशेजारीच बसला होता, एकाच सोफ्यावर, एकाच चादरीत पाय घालून. भाग संपल्यावर ती म्हणाली होती, “असलं आपल्याला नको बाई,” आणि तो म्हणाला होता, “हूं.” तो हुंकार तिनं किती विश्वासानं घेतला होता. नवऱ्याच्या हुंकारात काय काय मावतं हे इतक्या वर्षांत कळू नये म्हणजे शहाणपणाची कमालच म्हणायची.

फसवलं. दुसरा शब्द तिला सापडेना. त्याच्या फोनमध्ये एखाद्या बाईचा निरोप सापडला असता तर निदान भांडायला तोंड होतं. आई, बहीण, शेजारी, सगळे तिच्या बाजूनं उभे राहिले असते. याचं गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडं आणि सांगायचं काय… की माझ्या नवऱ्यानं एका नसलेल्या पेटीला हो म्हटलं?

त्यांचा मुलगा ऋषिराज गेला तेव्हा प्रशांत पलटणीबरोबर आसामात होता. डेंगीचा ताप, दवाखाना, चार दिवसांचा खेळ, आणि तो पोचला ते थेट राख सावडायच्या दिवशी. संगम माहुलीला पाण्यातून वर आला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात रिकामं मडकं, आणि ते कुठं ठेवायचं हे न कळून तो तिच्यासमोर उभा राहिला नि म्हणाला, “रेश्मा, आता जे काय हाय ते दोगांचं.” पेन्शनीपुरती वर्षं भरली तशी तो पलटण सोडून सांगलीला आला, साखर कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर झाला, आणि ती समजून चालली की एका सातबाऱ्यावर दोघांची नावं लागावीत तसं ते दुःख दोघांच्या नावावर आहे. ते पिकत नाही, विकत नाही, पण आहे, आणि दोघांचं आहे. आता यानं आपला हिस्सा काढायला घेतला होता. तोही तिला न विचारता, सगळ्या भावकीसमोर. ग्रुपवरच्या प्रत्येकानं ते पाहिलं असणार, आणि कुणी अवाक्षर काढलं नाही, म्हणजे नक्कीच पाहिलं असणार.

विश्रामबागेतल्या दुकानात ती आणि माया दोघी मिळून फॉल-पिको करायच्या. स्कूटर लावून ती आत आली तेव्हा मायाचं मशीन सुरू होतं आणि समोरच्या स्टुलावर विट्याच्या हरणाबाई साडी घेऊन बसल्या होत्या. विषय निघायला वेळ लागला नाही. त्या आठवड्यात सांगलीत दुसरा विषय नव्हता म्हटलं तरी चालेल.

“मला तर ती बाई शहाणी वाटली,” माया दोरा तोडत म्हणाली. “रडून कोण माघारी आलंय?”

“आमचं मालक मदुराईला, सोनं-चांदी आटवायच्या गलाईच्या दुकानावर,” हरणाबाई म्हणाल्या. “वर्सातनं दोनदा त्वांड दाकिवत्यात. जित्या माणसासाटी निगती का गं आसली पेटी?”

माया हसली. रेश्माही हसली, आणि हसताना तिच्या मनात आलं, आत्ता प्रशांत गेटवर कुणाचा तरी उसाचा ट्रॅक्टर अडवून उभा असेल, निवांत, पोटात काही नसल्यासारखा. हरणाबाई मात्र लगेच गंभीर झाल्या. “पर येक सांगू? ती पोरीचं नाव काडून हसली न्हवं, तवा माझ्या अंगावर काटाच आला. आई म्हणायची का कोण?”

रेश्मानं ते वाक्य लगेच पदरात बांधून घेतलं. दिवसभर तिचं तेच चाललं होतं. कोण काय म्हणतं ते गोळा करायचं, आपल्या बाजूचं एकीकडं, त्याच्या बाजूचं दुसरीकडं. जो येईल त्याला आडून आडून विचारायचं. समोरच्या मेडिकलवाल्यानं तो भाग पाहिलाच नव्हता, त्याचा तिला राग आला. या नादात एका पैठणीला तिनं फॉल सुलट्या बाजूनं लावला आणि सगळा उसवत बसली. उसवताना ती त्याची सुटका शोधत होती. त्याची बोटं जाड, फोनवर भलतीकडंच पडतात. मागे कुणाच्या तरी दहाव्याच्या निरोपाखाली त्यानं हसरा चेहरा टाकला होता आणि नानासोंना चार ठिकाणी फोन करून सारवासारव करावी लागली होती. तसंच झालं असेल. बोट घसरलं असेल. मी त्याला तेवढंच विचारीन, सरळ, आणि तो म्हणेल हो, घसरलं… दर थोड्या वेळानं ती फोन उघडून बघत होती, त्यानं मत काढून घेतलंय का. त्याच्या फोटोशेजारचा आतेभाऊ दुपारी पलीकडच्या ओळीत गेला. प्रशांत हलला नाही.

दिवेलागणीला तो आला. बूट काढले, हातपाय धुतले, सोफ्यावर टेकला. तिनं चहा ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “शिवांजलीच्या पोलवर तुमचं बोट चुकून लागलं व्हय?”

त्यानं वर पाहिलं. “तुला कुणी सांगितलं?”

“नाव दिसतंय की तितं. फोटोसकट.”

“सगळ्यास्नी?”

“सगळ्यास्नी.”

“मला वाटलं मतदान म्हंजी गुप्त आसतं,” तो म्हणाला.

एरवी ती हसली असती. आज तिला ते लागलं. म्हणजे चोरून करायचंच होतं. तरी तिनं दार उघडं ठेवलं. “चुकून लागलं आसंल. तुमची बोटं…”

“न्हाई,” तो म्हणाला. “चुकून न्हाई.”

दिवसभर जपून ठेवलेली सुटका त्यानं अशी सरळ परत केली. ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.

“मी तवा हितं न्हवतो,” तो म्हणाला. बोलायची सवय नसलेल्या माणसासारखा, थांबत थांबत. “त्याची आठवण काडाय गेलं की मला आदी दवाखानाच दिसतो. जे बगितलंच न्हाई त्येच दिसतं. खाट, सलाईन, सगळं मनाचं. त्याच्यापलीकडं ते पोरगं खेळतंय, हसतंय, आन मला जाताच येत न्हाई गं तितवर. मदी दुकतंय. ते तेवडं बाजूला झालं आसतं तर… बाकी काय न्हाई. तुला सांगाय भ्यालो. तू म्हणली आसतीस, ह्याला सुटायचंय.”

तिनं तेच म्हटलं होतं, सकाळपासून, निरनिराळ्या शब्दांत. राग गेला नाही. इतकी वर्षं शेजारी बसून यानं हे गिळलं याचा नवाच राग आला. तिनं तोंड दुसरीकडं वळवलं.

“तुला आज लय आठवण झाली आसंल त्याची,” तो हळूच म्हणाला. “ह्या पोलपायी. दिवसभर.”

हो, असं ती म्हणणारच होती. तोंड उघडलं आणि शब्द अडला, कारण उत्तर देण्याआधी ती सवयीनं मागं वळून पाहत होती, दूध, स्कूटर, हरणाबाई, पैठणी… आणि दिवसभरात सगळीकडं प्रशांतच होता. प्रशांतचा हुंकार, प्रशांतचं मडकं, प्रशांतची जाड बोटं. ऋषिराजचं नाव आलं होतं, आलं नव्हतं असं नाही, पण कोर्टात साक्षीदाराला बोलावतात तसं, कामापुरतं. साक्ष झाली की त्याला बाहेर बसवलं होतं. चारला शाळेच्या गाड्या दुकानासमोर थांबतात, पोरं उतरतात, आणि तेवढा वेळ तिचा पाय मशीनवरून आपोआप उचलला जातो, माया तेव्हा काही बोलत नाही. आज गाड्या आल्याच असतील. तिला आठवेना. आज पाय थांबला नव्हता. आजचा दिवस सरसर गेला होता… तिच्या मनात ‘बरा गेला’ असे शब्द आले आणि ती दचकली.

मग मी दिवसभर कुणाला फितूर म्हणत होते?

तिनं घाईनं ऋषिराजला मनात बोलावलं. हनुवटीखालचा व्रण, सायकलवरून पडला तेव्हाचा. आंघोळीनंतर कपाळाला चिकटलेले केस. भात कालवताना एक डोळा बारीक करायचा तो. सगळं आलं, एकेक करून, अगदी लख्ख. किडक्या दाताला जीभ लावून बघावी तशी ती त्या लख्खपणाला चाचपून पाहू लागली, इथं, मग इथं.

“रेश्मा?” प्रशांत म्हणाला.

तिनं त्याला हातानंच थांब म्हटलं. आता दुखेल, आत्ता दुखेल, म्हणून ती त्याच्याशेजारी श्वास धरून बसून राहिली.