हाडांचं खत

खाडीचा बांध फुटला तेव्हा तुळशीराम घरी होता. पाणी अंगणात शिरताच त्यानं पोरीला, बायजाला, खांद्यावर घेतलं, बायकोचा, नीराबाईचा, हात धरला आणि टेकाड गाठलं. गोठ्यात बांधलेला बैल, चांद्या, तसाच राहिला. त्याचं हंबरणं टेकाडावर ऐकू येत होतं. मग ते थांबलं. ओहोटी लागल्यावर गावकऱ्यांनी त्याला ओढत नेऊन खाडीकाठच्या दलदलीत, खाजणाच्या कडेला टाकलं.

ही एकोणसाठ सालची गोष्ट. पुढच्या पावसाळ्यात शेतात भात धरलाच नाही. परसातला शेवगासुद्धा मिठानं वाळला. त्या हिवाळ्यात बायजा दिवेलागणीला भिंतीवर आपटू लागली.

अलिबागच्या डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले. "रातांधळेपणा आहे. औषध देतो, पण ते संपेल. हिला रोज पालेभाजी हवी. उशीर केलात तर दिवसाही दिसायचं नाही."

नीराबाईनं घासलेटचे रिकामे डबे जमवले, तळाला भोकं पाडली, टेकाडावरची माती डोक्यावरून आणून भरली आणि माठाची भाजी पेरली. तुळशीरामनं दुकानातून पांढरं सल्फेट खत आणलं, साखरेसारखं. ते घालताच रोपं तरारली आणि आठवड्याच्या आत कडांनी करपून आडवी झाली. पुन्हा पेरलं, पुन्हा तेच. कोळणीनं दिलेली कुटी, सुक्या मासळीचा चुरा, घातली, तर ती खारट निघाली आणि रोपं वाळली.

फुटका बांध पाहायला शेतकी खात्याचे एक साहेब आले होते. नीराबाईनं त्यांना डबे दाखवले.

"शेतात खत पसरतं, खोल मुरतं," ते म्हणाले. "डब्यात सगळं मुळाशीच साचतं, म्हणून जळतंय. डब्याला सावकाश विरघळणारं खत पाहिजे. करंजाची पेंड घ्या आणि हाडांचा चुरा. मातीत एकदा मिसळला की हंगामभर थोडा थोडा लागू पडतो."

"चुरा गावंल कुठं?"

"मुंबईहून मागवावा लागेल. महिना-दोन महिने जातील."

पेंड तेल्याकडे मिळाली. चुऱ्यासाठी थांबायची नीराबाईची तयारी नव्हती. ती टोपली घेऊन खाजणाकडे गेली.

घरामागच्या दगडावर ती हाडं कुटत होती तेव्हा तुळशीराम आला. टोपलीत एक शिंग होतं, खाली वाकलेलं. तो उभाच राहिला.

"ह्यो चांद्या हाय."

"व्हय."

"दुसरं जनावर न्हाय गावलं तुला?"

"बाकीच्यांची हाडं भरतीनं नेली."

"त्याचं दावं सोडलं असतं तर पोहला असता तो. मला हाका मारत व्हता, नीरे."

"मलाबी ऐकू येत व्हत्या. पोर तुमच्या खांद्यावर व्हती. आता तिला दिसंना झालंय."

त्यानं टोपलीतलं शिंग उचललं. "येवढं कुटू नको," म्हणाला आणि निघून गेला. ती पुन्हा कुटू लागली.

या खेपेला माठ जळला नाही. कापला तरी खालून पुन्हा फुटायचा. मागून वांगीही धरली. बायजाच्या ताटात रोज भाजी पडू लागली. तुळशीराम मात्र मीठभात खाई. चैत्रात तो मुंबईला गोदीत कामाला गेला. नीराबाईनं त्याला अडवलं नाही.

बायजाचा उजवा डोळा सुधारला. डाव्यात फूल पडलं ते कायमचंच.

गणपतीला तुळशीराम घरी आला. बायजानं स्वतः त्याला भाजी वाढली आणि समोर जेवायला बसली. तो तिच्या डाव्या डोळ्याकडे पाहत राहिला.

"ह्या डोळ्यानं दिसतं का गं काय?"

"न्हाय. ह्या दुसऱ्यानं दिसतं. तुम्ही दिसता."

त्यानं माठाचा घास तोंडात घातला, चावला, आणि उठून परसात पळाला. त्याचं ओकणं नीराबाईला ऐकू आलं. ती जागची हलली नाही. थोड्या वेळानं तो चूळ भरून आला, पाटावर बसला आणि ताटाला हात न लावता पोरीचं जेवण होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिला. गौरी जायच्या आधीच त्यानं रेवसहून मुंबईची लाँच धरली.